संध्याकाळी घरी जाणारे रुग्ण

१८६९च्या डिसेंबरात लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधून चार परिचारिका वेल्समधल्या कार्मार्थनशर परगण्यात एका शेतघरात येऊन बसल्या. त्यांचे काम फक्त बघण्याचे होते. त्या घरातली बारा वर्षांची सारा जेकब दोन वर्षांहून अधिक काळ अन्नावाचून जगते आहे, अशी ख्याती पसरली होती. लोक लांबून तिला पाहायला येत आणि फितींनी सजवलेल्या तिच्या बिछान्याशी पैसे ठेवून जात. खरेखोटे करण्यासाठी पहारा बसला. मुलीने मागितले तर अन्न द्यायचे, आपणहून पुढे करायचे नाही, अशी परिचारिकांना सूचना होती. मुलीने मागितले नाही. नऊ तारखेला पहारा सुरू झाला आणि सतरा तारखेला ती मेली. पुढे आईवडिलांवर खटला झाला. बापाला एक वर्षाची आणि आईला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पहारा ठेवणाऱ्यांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही.

खाण्याच्या विकारांच्या इतिहासात ही गोष्ट बहुतेक वेळा अंधश्रद्धेचे उदाहरण म्हणून येते. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. जी मुलगी जेवत नाही तिच्याजवळ कोणी बसायचे, किती वेळ बसायचे आणि बसून करायचे काय, हा प्रश्न तिथे अगदी उघडा पडला आहे. पुढल्या सव्वाशे वर्षांत वैद्यकाने त्याची जी उत्तरे दिली, त्यांतले एक म्हणजे दिवस-उपचार: रुग्णाने सकाळी यायचे, दिवसभर इतरांसोबत राहायचे, जेवायचे, बोलायचे आणि संध्याकाळी आपल्या घरी जायचे. ऐकायला साधे वाटणाऱ्या या उत्तरापर्यंत पोचायला इतका वेळ का लागला, आणि त्यातून गेलेल्या माणसांनी त्याविषयी काय सांगितले, हे या लेखात पाहायचे आहे.

साराच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी त्याच गाइज हॉस्पिटलशी संबंध असलेल्या सर विल्यम गल यांनी लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला आणि ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ केले. निबंधात ‘मिस ए’ आहे. वय सतरा, उंची पाच फूट पाच इंच. जानेवारी १८६६मध्ये तिला गल यांच्याकडे आणले तेव्हा तिचे वजन ८२ पौंड, म्हणजे सुमारे ३७ किलो होते. दोन वर्षांनी ते १२८ पौंड झाले. उपचाराआधीचे आणि नंतरचे अशी तिची दोन चित्रे निबंधासोबत छापली आहेत. पहिल्यात गालफडे बसलेली मुलगी आहे, दुसऱ्यात भरल्या चेहऱ्याची तरुणी. या दोन चित्रांच्या मधल्या दोन वर्षांत तिला काय वाटत होते, हे निबंधात नाही. तिची काही तक्रार नव्हती, ती सतत हालचाल करी, एवढेच डॉक्टर नोंदवतात. पुढे शंभर वर्षे हाच साचा राहिला: आधीचे चित्र, नंतरचे चित्र आणि मधे वजनाचे आकडे.

गल यांची चिकित्सा सरळ होती. ऊब द्यावी, ठरावीक वेळाने थोडे थोडे खाऊ घालावे, रुग्णाच्या लहरीकडे लक्ष देऊ नये. आणखी एक शेरा त्यांनी मारला, तो फार दूरवर गेला: अशा रुग्णाच्या शुश्रूषेला नातेवाईक आणि मित्रमंडळी बहुधा सर्वांत वाईट. त्याच १८७३ साली पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनीही याच आजारावर लिहिले आणि घराचे वर्णन जास्त बारकाईने केले. घरच्यांकडे दोनच उपाय असतात, विनवणी आणि धाक; दोन्ही वापरून संपतात. हळूहळू घरातली सगळी बोलणी मुलीच्या ताटाभोवती फिरू लागतात. हे वाचताना एकोणिसाव्या शतकातले पॅरिस आठवत नाही, आपल्याच ओळखीची स्वयंपाकघरे आठवतात. ‘अगं, दोन घास तरी खा’ आणि ‘पानावरून उठायचं नाही’ ही दोन वाक्ये कोणत्या मराठी घरात बोलली जात नाहीत?

मात्र या निरीक्षणातून उपाय निघाला तो तोडण्याचा. शार्को यांनी आपल्या व्याख्यानांत अंगुलेम गावच्या एका मुलीची हकिगत सांगितली आहे. मुलगी मरणाच्या दारात होती. आईवडिलांनी पॅरिस सोडून निघून जावे, निदान तसे तिला भासवावे, असा शार्कोंचा हट्ट. ते मोठ्या नाखुशीने गेले. मुलगी थोडी रडली आणि त्याच संध्याकाळपासून खाऊ लागली. बरी झाल्यावर तिने डॉक्टरांना सांगितले, की आईबाबा होते तोवर मला माझे दुखणे इतके गंभीर वाटतच नव्हते. ते गेल्यावर मात्र कळले, की आता तुमचेच चालणार. रुग्णाचे म्हणणे छापील पानावर आल्याची ही सुरुवातीची उदाहरणे, आणि तीही डॉक्टरांच्याच तोंडून, त्यांच्याच विजयाची साक्ष म्हणून आलेली. अमेरिकेत वियर मिचेल यांनी १८७७च्या आपल्या पुस्तकात विश्रांती-उपचार मांडला: आठवडेच्या आठवडे बिछाना, दूध, मालिश, पत्रे नाहीत, भेटी नाहीत. तो खाण्याच्या विकारासाठीच होता असे नव्हे. थकलेल्या, चिडलेल्या सगळ्याच बायकांना तो सांगितला जाई. त्यातून गेलेल्या शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १८९२मध्ये ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा छापली आणि बिछान्यावर पडलेल्या बाईला भिंत कशी दिसते ते जगाला कळले.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध भलत्याच वाटेने गेला. १९१४मध्ये हॅम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांनी पिट्यूटरी ग्रंथीच्या बिघाडाने शरीर झिजल्याचे दाखवले, आणि पुढे बराच काळ न जेवणाऱ्या मुलींनाही ग्रंथींचे अर्क दिले गेले. १९६०मध्ये लंडनच्या पीटर डॅली आणि विल्यम सार्जंट यांनी क्लोरप्रोमाझिन, इन्सुलिन आणि बिछान्यावरची सक्तीची विश्रांती असा नवा उपचार जाहीर केला. वजने भराभर वाढली. १९६५मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी एका बाईची केस छापली. तिचे वजन ४७ पौंडांवर, म्हणजे २१ किलोच्या आसपास आले होते. तिला छानशा खोलीतून काढून बिछाना, खुर्ची आणि छोटे टेबल एवढेच असलेल्या रिकाम्या खोलीत ठेवले. जेवताना कोणीतरी समोर बसे. तिने काटा उचलला की तो बोले. घास गिळला की आणखी बोले. रेडिओ, खिडकीबाहेरचे दृश्य, माणसांची सोबत हे सगळे घासांच्या मोबदल्यात मिळे. वजन वाढले. ती जगली, हे विसरून चालणार नाही. पण माणसाचे बोलणे पगारासारखे घासागणिक मोजून देण्याची ही कल्पना नंतर अनेक वॉर्डांनी उचलली आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना वापरली.

याविरुद्ध ज्यांनी ठाम आवाज उठवला त्या हिल्डे ब्रुख. नाझी जर्मनीतून बाहेर पडलेल्या या डॉक्टरबाई ह्यूस्टनला काम करीत. १९७४मध्ये त्यांनी बक्षीस-शिक्षेच्या या पद्धतीचे धोके लिहिले. त्यांचे म्हणणे असे: ही मुलगी आधीच इतरांच्या मर्जीने जगत आली आहे. आपल्याला भूक लागली आहे, थंडी वाजते आहे, राग आला आहे, यांतले काहीच तिला खात्रीने ओळखता येत नाही. न खाणे ही तिने स्वतःची म्हणून मिळवलेली एकुलती एक गोष्ट. तीही डावपेचाने काढून घेतली, तर ती सुटण्यापुरती खाते, घरी जाते आणि वजन पुन्हा उतरवते. किंवा त्याहून वाईट काही करते. १९७८च्या ‘द गोल्डन केज’मध्ये ब्रुखबाईंनी रुग्णांना भरपूर बोलू दिले. आज त्यातल्या आयांविषयीच्या काही निष्कर्षांशी सहमत होणे कठीण आहे, पण ऐकण्याची सवय त्या पुस्तकाने लावली हे निश्चित.

घरी जाणे किती अवघड असते, याची सर्वांत दारुण नोंद मात्र त्याआधीच झाली होती. एलेन वेस्ट या टोपणनावाने ओळखली जाणारी तेहतीस वर्षांची विवाहित स्त्री १९२१च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइझलिंगनच्या बेलव्ह्यू सॅनेटोरियममध्ये लुडविग बिन्सवांगर यांच्याकडे दाखल झाली. तिने रोजनिशी, कविता, पत्रे असे पुष्कळ लिहिले होते. जाड होण्याची भीती आणि खाण्याची अनावर ओढ या दोहोंत ती भरडली जात होती. आत्महत्येचा धोका डॉक्टरांना दिसत होता. बंद विभागात ठेवणे किंवा घरी जाऊ देणे, असे दोनच पर्याय नवऱ्यापुढे आले. मार्चअखेरीस तिला सोडले. घरी तिसऱ्या दिवशी ती कित्येक वर्षांत प्रथमच पोटभर जेवली, ईस्टरची चॉकलेटची अंडी खाल्ली, नवऱ्याबरोबर फिरायला गेली, पत्रे लिहिली आणि रात्री विष घेतले. बिन्सवांगर यांनी ही केस १९४४–४५मध्ये छापली व तिच्यावर गहन तत्त्वचिंतन केले. त्या चिंतनावर पुढे बरीच टीका झाली, ती योग्यच होती. मला खटकते ती गोष्ट साधी आहे. बंद दार आणि उघडे दार यांच्या मधे काहीच नव्हते.

त्या मधल्या जागेची कल्पना खाण्याच्या विकारांतून आलेली नाही. १९३३मध्ये मॉस्कोत खाटांच्या टंचाईमुळे मनोरुग्णांसाठी दिवसाचे रुग्णालय सुरू झाले. १९४६मध्ये मॉन्ट्रियलच्या ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये युइन कॅमेरॉन यांनी, आणि त्याच सुमारास लंडनमध्ये जोशुआ बिअरर यांनी, तशीच सोय केली. (हेच कॅमेरॉन पुढे अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या पैशावर रुग्णांवर केलेल्या क्रूर प्रयोगांसाठी कुप्रसिद्ध झाले. रुग्णाला संध्याकाळी घरी पाठवणारा माणूस आणि त्याची स्मृती पुसू पाहणारा माणूस एकच असू शकतो.)

खाण्याच्या विकारांसाठी ही सोय नेटाने उभी राहिली ती टोरंटोत. तिथे डेव्हिड गार्नर, पॉल गारफिंकल या मंडळींनी सत्तरच्या दशकापासून अभ्यास चालवला होता. इकडे लंडनमध्ये जेरल्ड रसेल यांनी १९७९मध्ये तीस रुग्णांच्या आधारे ‘बुलिमिया नर्व्होसा’चे वर्णन केले होते, भसाभसा खाणे आणि मग ओकून काढणे हा प्रकार किती पसरला आहे ते एकदम दिसू लागले. या रुग्णांना महिनोन् महिने खाटेवर ठेवणे शक्यही नव्हते आणि गरजेचेही नव्हते. १९८५च्या सुमारास टोरंटो जनरल हॉस्पिटलमध्ये दिवसाचे केंद्र सुरू झाले. निवा पिरान आणि ॲलन कॅप्लन यांनी संपादित केलेले त्याविषयीचे पुस्तक १९९०मध्ये आले. म्यूनिकमध्ये मोनिका गेर्लिंगहोफ यांनी याच काळात आपले केंद्र उभारले. रुग्णांना स्वतःच्या आजाराविषयी लिहायला लावून तो मजकूर छापण्याची त्यांची रीत विशेष होती.

या केंद्रांतला दिवस कसा जातो? सगळे गटात चालते. एका टेबलाभोवती जेवण. सोबत कर्मचारी बसतात, तेही तेच खातात. ताटात काय आणि किती हे आधी ठरलेले असते, वेळ ठरलेली असते. भूक आहे की नाही हे विचारात घेतले जात नाही, कारण भुकेची घंटाच बिघडलेली आहे. काही काळ घड्याळाकडे पाहून, औषध घ्यावे तसे खायचे. जेवणानंतर लगेच उठून न्हाणीघरात जायचे नाही. मग बोलण्याचे गट: घराविषयी, शरीराविषयी, आज कोणता पदार्थ घशाखाली उतरत नव्हता त्याविषयी.

जेवणाला औषध मानण्यामागे एका जुन्या प्रयोगाचा आधार आहे. १९४४–४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. त्यांचे वजन सुमारे पाव भागाने घटले. त्यांना जाड होण्याची भीती नव्हती, आईशी भांडण नव्हते. तरी ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, घासाशी तासभर खेळू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. काही जण प्रयोग संपल्यावरही पोट फुटेस्तोवर खात. म्हणजे ज्याला आपण मुलीचा हट्टी स्वभाव म्हणतो, त्यातला बराच भाग उपाशी मेंदूचा असतो. ही माहिती केंद्रांत रुग्णांना दिली जाते. आपण वाईट नाही, उपाशी आहोत, हे कळण्याने जो दिलासा मिळतो तो कुठल्या गोळीने मिळत नसावा.

आता अनुभवांकडे वळू. १९७४मध्ये ब्रिटनमध्ये ‘ॲनोरेक्सिक एड’ ही स्वमदत संघटना निघाली, १९८१मध्ये शीला मॅक्लाउड यांचे ‘द आर्ट ऑफ स्टार्व्हेशन’ हे आत्मकथन आले. तेव्हापासून रुग्ण स्वतः बोलू लागले. रुग्णांशी सविस्तर बोलून केलेले अभ्यास मात्र बरेच उशिरा आले. २००४मध्ये कोल्टन आणि पिस्ट्रँग यांनी इंग्लंडमध्ये वॉर्डात दाखल असलेल्या १९ किशोरवयीन मुलींच्या मुलाखती छापल्या. सोबतच्या मुली आधारही वाटत आणि जाचही. आपल्याला माणूस म्हणून पाहतात की आणखी एक ॲनोरेक्सिया म्हणून, हा सल कायम. आणि उपचार माझ्याबरोबर चालला आहे की माझ्यावर, हा प्रश्न. दिवस-उपचारातून गेलेल्यांच्या बोलण्यातही हे सूर येतात, पण त्यांत संध्याकाळची भर पडते.

सोबतीचे आधी पाहू. घरात ताटापुढे बसलेली मुलगी एकटी असते. भोवतीचे सगळे जेवू शकणारे. केंद्रातल्या टेबलाशी प्रत्येकीला त्याच भाताच्या ढिगाची भीती वाटते. रुमालात घास गुंडाळण्याची, वजनाआधी तांब्याभर पाणी पिण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे खोटे फार वेळ टिकत नाही. डॉक्टरने सांगितलेले टोचते, तेच शेजारणीने सांगितले तर ऐकू येते. (व्यसनमुक्तीच्या गटांविषयी वाचलेल्या मराठी वाचकाला हे नवे नाही.) पण तीच शेजारीण आपल्याहून बारीक असेल तर मनात मोजमाप सुरू होते. सर्वांत कमी वजनाची मुलगी गटात एक विचित्र मान मिळवते, आणि ‘मी इथे असण्याइतकी आजारी नाहीच’ हे वाक्य अशा केंद्रांत पुन्हा पुन्हा येते. हा आजार शरमेइतकाच अभिमानाचाही आहे, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही.

आणि मग संध्याकाळ. दिवसभर ज्या जेवणाला पाच जणींचा आधार होता, ते रात्री स्वयंपाकघराच्या ओट्याशी एकटीने करायचे. रुग्णांच्या कथनांत याविषयी दोन परस्परविरुद्ध गोष्टी येतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक, हीच सर्वांत अवघड वेळ. शनिवार-रविवार तर डोंगरासारखा. दुसरी, याच वेळेमुळे उपयोग झाला. कारण वॉर्डात खाल्लेले वॉर्डातच राहते. बसमधून येणे, आरशापुढे कपडे बदलणे, भावंडांशी भांडण, फ्रिजचे दार, हे सगळे उपचारातच आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कालची रात्र टेबलावर मांडता येते. ओकारी काढली असेल तर तेही सांगता येते, निदान सांगता यावे अशी अपेक्षा असते.

यात पैशाचा हिशेब नव्हता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. न्यूयॉर्क राज्यातल्या एका रुग्णालयाच्या नोंदींत १९८४मध्ये या रुग्णांचा सरासरी मुक्काम सुमारे १५० दिवस होता. १९९८पर्यंत तो २४ दिवसांवर आला आणि परत परत दाखल होणाऱ्यांचे प्रमाण वाढले. हे विमा कंपन्यांनी केले, वैद्यकाने नव्हे. दिवसाची केंद्रे तिथे वाढली त्यामागे खाटेचा खर्चही होता. म्हणूनच जर्मनीतला अभ्यास महत्त्वाचा. बियाटे हेर्पर्ट्झ-डालमन आणि सहकाऱ्यांनी सहा ठिकाणच्या १७२ मुलींची, तीन आठवडे दाखल ठेवल्यावर, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली: निम्म्या वॉर्डातच राहिल्या, निम्म्या दिवसा येऊन रात्री घरी गेल्या. २०१४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष असा, की वर्षभरानंतर वजनाच्या बाबतीत घरी जाणाऱ्या मुली मागे पडल्या नव्हत्या. गल यांच्या शेऱ्यानंतर एकशे एक्केचाळीस वर्षांनी नातेवाइकांची अशी निर्दोष सुटका झाली. अर्थात अगदी खालावलेल्या, नाडी मंदावलेल्या रुग्णाला हे लागू नाही. तिला खाटच हवी.

आपल्याकडे काय? १९९५मध्ये दिल्लीच्या खंडेलवाल आणि सहकाऱ्यांनी पाच तरुण स्त्रियांच्या केसेस छापल्या. जेवण नाकारणे, उलट्या, घटलेले वजन, बंद झालेली पाळी हे सगळे होते; जाड होण्याची भीती किंवा शरीराविषयीचा भ्रम मात्र दिसला नाही. हाँगकाँगचे सिंग ली यांनीही त्याच काळात असेच नोंदवले होते: त्यांचे बरेच रुग्ण ‘पोट फुगते’, ‘भूकच नाही’ असे सांगत. वजनाची भीती हाच निकष मानला तर असे रुग्ण यादीबाहेर राहतात. सोमवार, चतुर्थी, हरतालिका, चातुर्मासातले नेम असलेल्या समाजात न जेवणाऱ्या बाईला आडोसा सहज मिळतो. उपवास हा आजार नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. उपवासाला सुरुवात असते, पारणे असते, आणि पारण्याला बायका आनंदाने जेवतात. पारणे ज्यात कधी येतच नाही, त्या उपवासाकडे मात्र घरातल्या कोणीतरी वळून पाहायला हवे.

एक गोष्ट आपल्या पदरी जमेची आहे. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावले. १९५७मध्ये वेल्लोरला कुटुंबासह राहण्याचा विभाग सुरू झाला. पाश्चात्त्य वैद्यक आईबापांना दारातून परत पाठवत होते, तेव्हा इथे त्यांच्यासाठी चूल मांडायला जागा केली जात होती. त्यात खाण्याच्या विकाराचे रुग्ण कोणी होते की नाही हा वेगळा प्रश्न. पण घराला उपचारात घेण्याची रीत आपल्याला कोणाकडून उसनी आणावी लागणार नाही.

टोरंटोच्या धर्तीच्या केंद्रांत दिवसाचे शेवटचे काम एक कागद भरण्याचे असते. आज रात्री काय खाणार, किती वाजता, कोणासोबत. जेवून झाल्यावर तासभर काय करणार. मन बिथरले तर फोन कोणाला. बहुतेक उत्तरे एकेका शब्दाची असतात. पोळी, भाजी किंवा सूप, ब्रेड. आई, मावशी, मैत्रीण. कागद घडी घालून पर्समध्ये जातो. शुक्रवारी दोन कागद लागतात.